मागचा आवाज कुणाचा? 'बॅक स्टॅबर्स' हा अल्बम आणि आमच्या तात्यांची कॅसेट

नांदेडहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर इथं देतोय. बोलताना जे 'म्हणजे', 'बरं का' येतं ते थोडं कमी केलंय, पण सगळं काढलेलं नाही. नाहीतर माझंच बोलणं मला ओळखू यायचं नाही.

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा कुठं निघाला? विषय आहे अमेरिकेतल्या एका ग्रुपचा १९७२ सालचा अल्बम. ग्रुपचं नाव 'द ओजेज', अल्बमचं नाव 'बॅक स्टॅबर्स', म्हणजे पाठीत खंजीर खुपसणारे. गाणं 'सोल' प्रकारातलं. सोल म्हणजे थोडक्यात सांगायचं तर काळ्या लोकांच्या चर्चमधली गायकी देवळाबाहेर आली आणि प्रेम, संसार, पैसा, अपमान यांच्याबद्दल बोलायला लागली. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची. आपल्याकडं कीर्तनात, जलशात, कव्वालीत, भीमगीतांच्या गायन पार्टीत हेच चालतं. त्यामुळं भाषा कळली नाही तरी त्या गाण्याची बांधणी मला पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीची वाटली होती.

आधी या ग्रुपची गोष्ट सांगतो.

ओहायो राज्यात कँटन नावाचं कारखान्यांचं गाव आहे. टिमकेन बेअरिंग हे नाव आपल्याकडच्या मेकॅनिक मंडळींना माहीत असेल, ती कंपनी तिथलीच. या गावातल्या शाळेत शिकणाऱ्या पाच पोरांनी १९५८ मध्ये गाण्याचा ग्रुप काढला. एडी लेव्हर्ट, वॉल्टर विल्यम्स, विल्यम पॉवेल, बॉबी मॅसी आणि बिल आइल्स. आधी नाव होतं 'ट्रायम्फ्स', मग 'मॅस्कॉट्स'. क्लीव्हलँडला एडी ओजे नावाचे एक रेडिओ निवेदक होते. त्यांनी या पोरांना हात दिला, म्हणून पोरांनी स्वतःच्या ग्रुपला त्यांचंच नाव लावलं. आपल्याकडं उस्तादाच्या नावानं फड ओळखला जातो, तसंच म्हणा ना.

पुढची चौदा वर्षं काय झालं? छोट्या कंपन्या बदलल्या, छोटी-मोठी गाणी केली, एखादं थोडं चाललं, मग पुन्हा शांतता. मधल्या काळात आइल्स गेला. मग मॅसीही ग्रुप सोडून निर्मितीच्या कामाला लागला. पाचाचे तीन राहिले. कुणीही म्हणालं असतं की बाबांनो, आता कारखान्यात जा.

पण फिलाडेल्फियात केनी गॅम्बल आणि लिऑन हफ ही जोडी होती. या दोघांनी आधी नेपच्यून नावाची कंपनी काढली होती आणि ओजेज तिथं गायले होते. ती कंपनी बंद पडली. मग १९७१ मध्ये त्यांनी 'फिलाडेल्फिया इंटरनॅशनल' काढली. या वेळी पाठीशी सीबीएससारखी मोठी कंपनी होती, म्हणजे रेकॉर्ड देशभरातल्या दुकानांत पोचवायची सोय झाली. गॅम्बल-हफनी पुन्हा त्याच तिघांना बोलावलं. १९७२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी 'बॅक स्टॅबर्स' बाजारात आला. शीर्षकगीत अमेरिकेच्या सोल यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. याच अल्बममधलं 'लव्ह ट्रेन' मार्च १९७३ मध्ये सर्वसाधारण यादीतही पहिलं आलं. शाळेतली पोरं तिशीला आली तेव्हा त्यांना यश मिळालं.

आता अल्बमबद्दल. एकूण दहा गाणी आहेत. मी सांगेन, सुट्टी गाणी ऐकू नका, ओळीनं ऐका. पहिलं गाणं जगात शांतता कधी येईल याबद्दलचं. लगेच दुसरं 'बॅक स्टॅबर्स': तोंडावर हसणारे मित्र आणि त्यांची नजर तुमच्या घरावर. जीन मॅक्फॅडन, जॉन व्हाइटहेड आणि हफ यांनी लिहिलेलं. मधल्या गाण्यांत नवरा-बायकोची भांडणं आहेत, एकटेपण आहे, आळशी नि मत्सरी माणसांवर चिडचिड आहे. आणि अगदी शेवटी 'लव्ह ट्रेन'. देशोदेशीच्या माणसांनी हात धरायचे आणि एका गाडीत बसायचं, एवढंच त्याचं म्हणणं. 'लव्ह ट्रेन' एकटं ऐकलं तर ते लग्नाच्या वरातीतलं गोड गाणं वाटतं. पाठीत वार झालेला माणूस शेवटी ते म्हणतोय हे लक्षात ठेवून ऐकलं, की त्याचं वजन बदलतं.

हे सगळं रेकॉर्ड झालं जो टार्सिया यांच्या सिग्मा साउंड स्टुडिओत. तिथं वादकांचा कायमचा ताफा होता, 'एमएफएसबी' नावाचा. अर्ल यंग ड्रमवर, रॉनी बेकर बासवर, नॉर्मन हॅरिस गिटारवर. त्यावर व्हायोलिनचे थर. थॉम बेल यांच्यासारखे संगीत-संयोजक. काम टप्प्याटप्प्यानं व्हायचं. आधी ताल आणि मूळ वाद्यं, त्यावर आवाज, शेवटी व्हायोलिन आणि पितळी वाद्यं. प्रत्येकाला टेपवर स्वतःची जागा. 'बॅक स्टॅबर्स'ची सुरुवात ऐका: पियानोचा खोल थरथराट, मग ताल, मग व्हायोलिन. कुणीतरी अंधारातनं येतंय असं वाटतं, आणि मग तिघांचा आवाज.

आता हे सगळं मी नांदेडात बसून का सांगतोय?

१९७२ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला एकच आठवतं: दुष्काळ. माझ्या आजीच्या बोलण्यात 'बहात्तर' हा काळ मोजायचा खांब होता. बहात्तरच्या आधीचं, बहात्तरनंतरचं. मराठवाड्यात माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. रोजगार हमी योजनेची सुरुवात त्याच काळातली. रेशनवर लाल मिलो यायची, अमेरिकेहून आलेली ज्वारी. आजी म्हणायची, भाकरी थापताना ती हाताला चिकटायचीच नाही, तुटायची. बघा, अमेरिकेची मिलो आमच्या चुलीपर्यंत आली. त्याच वर्षीचं त्यांचं गाणं यायला आमच्या घरी जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षीची. १९७२ च्या उन्हाळ्यातच मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरनं. आणि हा धागा नुसता मुंबईचा नाही बरं का. आपल्या लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे सरांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक मराठीत लिहिलं. हेच सर पुढं १९९४ मध्ये नांदेडला सुरू झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मी अकरावी-बारावीला लातूरला होतो. तुम्हाला माहीतच आहे ते दिवस कसे असतात, क्लास, टेस्ट, मेस, पुन्हा टेस्ट. एका मित्राच्या खोलीवर हे पुस्तक पडलेलं असायचं. तिथं मला पहिल्यांदा कळलं की गुलामीतल्या माणसांनी गाणं हे जगण्याचं साधन केलं होतं. टेस्टला ते येणार नव्हतं, पण तेच डोक्यात राहिलं. पुढं पुण्यात नोकरीला लागल्यावर एका रात्री 'बॅक स्टॅबर्स' ऐकलं, तेव्हा ते पुस्तक आठवलं. आणि लगेच आमचे तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे चुलते. आज पंचाहत्तरीला आलेत. नांदेडच्या मिलमध्ये कामाला होते, ती बंद पडली तशी किरकोळ कामं केली. पण खरी ओळख गायन पार्टीतली. चौदा एप्रिलचा महिना आला की तात्या घरात दिसायचे नाहीत. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, या रस्त्यावरची किती गावं त्यांनी रात्री जागून काढलीत त्याचा हिशोब नाही. वामनदादा कर्डकांची गाणी, पुढं प्रल्हाद शिंद्यांच्या चाली, कधी समोरच्या पार्टीबरोबर सामना. पेटी, ढोलक, बेंजो, खंजिरी. पहाटेपर्यंत कार्यक्रम चालायचा आणि बायामाणसं लेकरं मांडीवर घेऊन बसलेली असायची.

तात्या पुढं गायचे नाहीत. ते कोरसला. जुन्या भाषेत झीलकरी. मुख्य गायक ओळ टाकून श्वास घेतो, तेवढ्या वेळात गाणं खाली पडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम.

१९८६ च्या आसपास त्यांच्या पार्टीची एक कॅसेट निघाली. त्यासाठी सगळे मुंबईला गेले होते. तेव्हा मनमाडपर्यंत छोटी लाईन होती, तिथं गाडी बदलावी लागायची. ढोलक मांडीवर घेऊन हे लोक मनमाडच्या फलाटावर रात्रभर बसले होते. एका दिवसात आठ गाणी रेकॉर्ड केली. मुख्य गायकाला एक माइक, वाद्यांना दोन, आणि कोरसच्या चौघांना मिळून एक, तोही तीन पावलं लांब. चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून म्हणायचं. तात्यांना दोनशे रुपये आणि जायचं-यायचं भाडं मिळालं. कॅसेट गावोगावी वाजली. चहाच्या टपरीवर, काळी-पिवळीत, मिरवणुकीत. कव्हरवर मुख्य गायकाचा फोटो, त्याचं नाव, आणि खाली दोन शब्द: 'आणि पार्टी'.

त्या 'आणि पार्टी'चा मला लई राग यायचा. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण ही एकट्या कंपनीची गोष्ट नव्हती. त्या काळातली कॅसेटची कव्हरं काढून बघा, बहुतेकांवर हेच दिसेल. तात्यांना मात्र राग नव्हता. ते म्हणायचे, "कव्हर केवढं? त्याच्यावर कुणाकुणाला बसवतूस?"

मागच्या दिवाळीत मी ती कॅसेट दुरुस्त करून मोबाइलवर घ्यायचं ठरवलं. फीत चिकटलेली, आत पांढरी बुरशी. एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं ती दुसऱ्या डबीत बसवून दिली. घरी येऊन ऐकली. आणि मंडळी, खरं सांगतो, मला तात्यांचा आवाज सापडला नाही. चौघांचा एकच जाडसर आवाज येत होता. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून जयंती दाखवली, त्याचा आवाज मला ओळखता येईना. हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्याऐवजी एका संध्याकाळी त्यांना 'बॅक स्टॅबर्स' लावून दिलं. हेडफोन नको म्हणाले, म्हणून छोट्या स्पीकरवर. डोळे मिटून ऐकलं, बोटं खाटेच्या पट्टीवर वाजत होती. गाणं संपल्यावर पहिला प्रश्न: "कशाबद्दल हाय?"

मी अर्थ सांगितला. तोंडावर हसायचं नि पाठीमागं घर फोडायचं, अशा मित्रांबद्दल.

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर अठ्ठ्याहत्तरचं गाणं हाय."

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात फार झालं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच्या दोनच महिने आधी नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं होतं. आमच्या गावचं घरही अठ्ठ्याहत्तरला गेलं. तात्यांनी एवढंच सांगितलं, की आग लावायला आलेल्यात एकजण असा होता ज्याच्या लग्नात यांची पार्टी फुकट गायली होती. मी चाळिशी ओलांडली तरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका परक्या गाण्यानं ते बाहेर काढलं.

मग म्हणाले, "परत लाव."

दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी मध्येच हात वर केला. "पुढचे दोघं भांडायलेत बघ. एक खरखरीत, एक गुळगुळीत. पण मागं कुणीतरी घर सांभाळायलाय. त्यो कोण?"

खरखरीत तो लेव्हर्ट, गुळगुळीत तो विल्यम्स. पुढचं गाणं बहुतेक या दोघांकडं असतं. राहिला तिसरा, विल्यम पॉवेल. अल्बमवर लिहिणारे बहुतेक लोक गॅम्बल-हफबद्दल लिहितात, लेव्हर्टच्या आवाजाबद्दल लिहितात, वादकांबद्दल लिहितात. मीही या भागाच्या सुरुवातीला तेच केलं, तुमच्या लक्षात आलं असेल. पॉवेलबद्दल दोन ओळी मिळतात. शाळेपासून ग्रुपमध्ये होता, पाचाचे तीन झाले तेव्हाही राहिला. यश आल्यावर काही वर्षांतच त्याला कॅन्सर झाला. कार्यक्रमांना जाणं सोडावं लागलं, त्याच्या जागी सॅमी स्ट्रेन आला. पण स्टुडिओत रेकॉर्डिंगला पॉवेल येत राहिला. मे १९७७ मध्ये तो गेला. २००५ मध्ये ओजेजना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा पॉवेलचंही नाव घेतलं गेलं. मरणानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

हे सगळं तात्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "नाव घेतलं ना पण?" मी म्हटलं, घेतलं. "मग झालं," म्हणाले.

तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं, की कॅसेटवर मला तुमचा आवाज सापडत नाही. त्यांना हसू आलं. म्हणाले, "तू पुढच्याला ऐकायलास, म्हणून. त्याला सोड. त्यानं ओळ सोडली की मागं काय उरतंय ते ऐक."

ही गोष्ट मी तुम्हालाही सांगतो, करून बघा. 'लव्ह ट्रेन' लावा. मुख्य आवाजाकडं मुद्दाम दुर्लक्ष करा. ओळ संपून दुसरी सुरू व्हायच्या मधली जागा ऐका. तिथं जो आवाज गाडी पुढं ढकलतो, त्याच्याकडं कान द्या. पाच-सहा वेळा ऐकलं की गाणं उलटं दिसायला लागतं, म्हणजे मागची माणसं पुढं येतात. मग मी कॅसेट तशीच ऐकली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. मुख्य गायक श्वास घेतो, आणि एक आवाज बाकीच्या तिघांपेक्षा किंचित आधी उठतो. त्याला 'ळ' नीट म्हणता येत नाही, तो 'ल'कडं झुकतो. आमच्या घरात असा 'ळ' एकाच माणसाचा आहे.

त्या रात्री आम्ही कॅसेटचं कव्हर काढलं आणि 'आणि पार्टी'च्या खाली बॉलपेननं नावं लिहायला बसलो. कोरसची चार नावं तात्यांना आठवली, त्यातली दोन माणसं आता नाहीत. पेटीवाल्याचं आठवलं. बेंजोवाल्याचं आठवलं. ढोलकवाल्याचं मात्र आठवेना. "लोह्याकडचा होता, डाव्या हातानं वाजवायचा, मनमाडला त्यानंच सगळ्यांना चहा पाजला होता." एवढं आठवलं, पण नाव नाही. ज्यांना माहीत असेल असं वाटलं त्या दोघांना फोन लावला. एकाला आठवेना, दुसऱ्याचा नंबर बंद. तात्या त्यावर दोन दिवस नीट जेवले नाहीत. स्वतःचं नाव कव्हरवर नाही याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याचं नाव आपणच विसरलो, हे त्यांना सोसलं नाही.

म्हणून हा भाग केला, खरं सांगायचं तर. फिलाडेल्फियाच्या स्टुडिओत कोण ड्रमवर होतं, कोण बासवर, हे मला नांदेडात बसून पन्नास वर्षांनी सांगता येतं, कारण कुणीतरी वेळेवर लिहून ठेवलं. लोहा-अहमदपूर रस्त्यावर कोण ढोलक वाजवत होतं हे मला सांगता येत नाही. सांगणारी माणसं अजून आहेत, पण सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत.

तर तुमच्याकडं एक काम. घरात, गावात, आजोळी जुन्या कॅसेट असतील. भीमगीतांच्या, भजनी मंडळाच्या, कव्वालीच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, कुठल्याही. कॅसेट खराब असली तरी चालेल, ती नंतर दुरुस्त होईल. आधी त्यातला एखादा माणूस गाठा आणि मागं कोण कोण होतं ते विचारून कव्हरवर लिहून टाका. कोण कुठलं, काय वाजवायचं, एवढं पुरे. आमच्या कव्हरवरची नावं मी इथं वाचत नाही, कारण सगळ्यांच्या घरच्यांना विचारणं अजून झालेलं नाही. विचारून झालं की वाचेन.

आणि १९८६ च्या आसपास नांदेडहून मुंबईला रेकॉर्डिंगला गेलेला, लोह्याकडचा, डाव्या हातानं ढोलक वाजवणारा माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर मला कळवा. तात्या रोज विचारतात.

'बॅक स्टॅबर्स' पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐका. शेवटचं गाणं ट्रेनचं आहे, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली तेव्हा गाडीची वाट बघणं म्हणजे काय हे लातूरनं पाहिलंय.

पुढच्या भागात भेटू. तोवर, जय भीम, नमस्कार.